चार बोटं वर

चौदा टक्के होते.
शपथेवर सांगतो, चौदा.
प्रभादेवीला, सात मजले चढून, टाकीच्या पोटाखाली
मी पालथा पडलो होतो, फुटक्या व्हॉल्व्हचा फोटो काढत
सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी.
त्याला गळतीचासुद्धा पुरावा लागतो.
फ्लॅश उडाला आणि फोन गेला.
काळी काच, तीत माझंच नाक,
नाकावर गंजाचा डाग.

लॅमिंग्टन रोडला एका जिन्याखालच्या खोबणीत
मुबीन परकार बसतो.
मूळचा दापोलीकडचा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा.
"चौदा असताना?" मी विचारलं,
दूधवाल्यानं माप मारलं की विचारतात तसं.

"टक्के हा अंदाज हो काका. खरा असतो तो दाब.
सेल म्हातारा झालाय तुमचा. आत माल आहे,
पण एकदम मागितलात तर देववत नाही त्याला.
टाकीखाली रेंज शोधत होता, वर कॅमेरा,
त्यावर तुम्ही फ्लॅश मारलात.
दाब बसला खाली. फोननं दार लावून घेतलं."

दाब.
सव्वीस वर्षं पाइप वाकवतोय मी,
कुणीतरी माझ्या भाषेत बोललं.
सकाळी साडेसातला अख्खी बिल्डिंग एकदम नळ सोडते
आणि वरच्या मजल्यावर केणीबाईंचा शॉवर मरतो.
बाई फोन करतात: टाकी रिकामी आहे.
टाकी रिकामी नसते.
झाकण उघडून, कोपरापर्यंत हात बुडवून
दाखवलाय मी त्यांना, ओला.
तरी त्यांचं म्हणणं तेच.

"बरं, मग शून्यावर तरी खरंच संपतं ना?"
मुबीन हसला. "शून्यावरपण थोडं राखलेलं असतं.
शेवटचा थेंब पिळलात तर आतलं तांबं विरघळतं.
मग परत भरायला जा, भरत नाही. फुगतो.
पेटतोसुद्धा एखादा."
वाळूच्या डब्यात ठेवलेली एक बॅटरी दाखवली त्यानं,
पुरीसारखी टम्म.
"ही कुणाची?"
"होती एका घाईवाल्याची."

म्हणजे आमच्या टाकीचं तोंड.
ते तळाला कधी पाडत नाहीत, चार बोटं वर.
नळ कोरडा झाला तरी
खाली तेवढं पाणी उभं असतं, अंधारात, गाळ धरून.
माझ्या उस्तादानं शिकवलं होतं: ते पाणी आपलं नाही.
कुणाचं, ते नव्हतं सांगितलं.

"आणि बंद असताना घड्याळ कसं चालतं रे?"
"त्या राखलेल्यातूनच. उठल्यावर वेळ बरोबर नको?"

नऊशे रुपये झाले. घासाघीस केली नाही.

घरी आलो तेव्हा साडेनऊ.
कुमुद वरळीला तीन घरचा स्वयंपाक करते,
चौथं घर आमचं.
साडेआठनंतर तिचं एकच वाक्य:
आता मला काही विचारू नका.
यावरून आम्ही किती भांडलोय.
मी म्हणायचो, बोलायला काय लागतं?
शेजारणीशी बोललीस की मघाशी, हसलीस,
मी ऐकलं जिन्यातून.
म्हणजे आहे की अजून.
असं मोजून दाखवायचो.

आज सांगायचं होतं तिला सगळं,
तांबं, पुरी, केणीबाई.
ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी.
जागी आहे ते पाठीवरून कळतं.
मी तोंड उघडलं
आणि उघडलेल्या तोंडात भाताचा घास घातला.
भात गार होता. आमटीही.
गॅस पेटवला नाही, लायटरचा आवाज होतो.
नवा फोन शंभरावर,
तो पालथा ठेवला.

पहाटे पावणेपाचला पाणी येतं आमच्याकडे.
गजर लावलेला नव्हता कुणी.
अर्धवट झोपेत मला पिंप सरकल्याचा आवाज आला,
मग नळातली हवा खोकली,
मग धार.